कर वाचवण्यासाठी केलेलं लग्न

मृत्युपत्र करायला आलेला माणूस पहिली दहा मिनिटं मृत्यूबद्दल बोलत नाही. एसी फार थंड आहे म्हणतो, एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, उभं राहून यावं लागलं म्हणतो, मुलाची परीक्षा आणि दिवाळीतली विमानाची तिकिटं असे सगळे विषय होतात. मग आवाज खाली आणून विचारतो, ‘म्हणजे समजा, उद्या तसं काही झालं तर?’ सिंगापुरातल्या एका लहानशा वकिली ऑफिसात बसून मी बारा वर्षं हे ‘तसं काही’ टाइप केलं.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी हलकंफुलकं मागितलं होतं. परदेशातल्या वकिली ऑफिसातल्या गमती, असं ते म्हणाले. गमती होत्या, नाही असं नाही, आणि त्या आधी सांगून टाकते. पण मला खरं लिहायचंय ते बेडोकमधल्या एका घराबद्दल. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही, असं मला निवृत्त होऊन पुण्याला परतल्यापासून वाटतंय.

आमचं ऑफिस चायनाटाउनजवळ एका जुन्या इमारतीत होतं. खाली चिनी औषधांचं दुकान, त्यामुळे वरच्या आमच्या फायलींनाही वाळलेल्या मुळ्यांचा वास यायचा. मालक मिस्टर लिम, एक ज्युनियर वकील, हिशेब बघणाऱ्या एक बाई आणि मी. मी पुण्यात अकरा वर्षं वकिली केलेली, पण माझी सनद सिंगापुरात चालत नव्हती. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, आणि कोर्टात उभं राहायचं सोडून कागद तयार करणारी सहायक झाले. पगार बरा होता. अभिमान मात्र वकिलाचाच राहिला, आणि तोच नडला.

मराठी अशिलं बहुतेक माझ्या ओळखीतूनच यायची. बिशानला राहणारं एक जोडपं होतं, दोघंही आयटीतली. सहीचा दिवस ठरला, साक्षीदार बसले, मिस्टर लिमनी पेन पुढे केलं, आणि बाईंनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं की आज अमावास्या आहे. नवरा म्हणाला, ‘अगं, विल आहे, साखरपुडा नाहीये.’ बाई म्हणाल्या, ‘म्हणूनच.’ सही तीन दिवसांनी झाली. त्यानंतर मिस्टर लिमनी माझ्याकडून वर्षभराच्या अमावास्या मागून घेतल्या आणि आपल्या कॅलेंडरवर लाल खुणा केल्या.

बुकित तिमाहचे एक गृहस्थ मुलालाच बरोबर घेऊन आले होते. मुलाने मराठी मुलीशी लग्न केलं तरच घर त्याला, असं कलम त्यांना हवं होतं. मुलगा फोनवरून मान वर न करता म्हणाला, ‘पा, कॅनॉट लाह,’ म्हणजे बाबा, हे नाही जमणार. कलम घातलं नाही. मिस्टर लिम नंतर मला म्हणाले, तुमच्या लोकांना मेल्यावरही सुट्टी नको असते.

आता या कामातलं जे बाहेरच्यांना माहीत नसतं ते सांगते. सिंगापूरने वारसा कर केव्हाच काढून टाकला. भारतातही तो नाही. त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं, मेल्यावर सरकार काही मागत नाही ना, मग कसली काळजी? विशेषतः लग्न न करता वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्यांना. अशी जोडपी आपल्या मंडळींत होती, वाटतात त्यापेक्षा जास्त होती. त्यांना मी एकच सांगायचे, की इथे प्रश्न कराचा नाही, नात्याचा आहे. मृत्युपत्र नसेल तर कायदा बायको बघतो, मुलं बघतो, आईवडील बघतो. पंधरा वर्षं एका टेबलावर जेवलेल्या माणसासाठी त्याच्याकडे रकाना नाही. तेव्हा एकतर लग्न करा, नाहीतर मृत्युपत्र करा. हे मी इतक्यांदा बोलले होते की बोलताना विचार करावा लागत नसे.

मोहन चित्रे आणि शुभाताई असेच आले.

चित्र्यांना सगळे चीफ म्हणायचे. जहाजावर चीफ इंजिनियर होते, मग काही वर्षं लंडनला एका जहाज कंपनीत जमिनीवरची नोकरी, आणि नंतर सिंगापूर. इथलं नागरिकत्वही घेतलं. त्यांचा पुण्याला घटस्फोट झालेला, मुलगा अमेय आईजवळ वाढला. कोथरूडचा फ्लॅट त्यांनी तेव्हाच त्या दोघांना दिला होता. शुभाताई मुंबईच्या. त्यांची स्वतःची फारकत कोर्टात नऊ वर्षं लोंबकळली होती. इथे त्या बालवाडीत शिकवायच्या. दोघं बेडोकला चीफच्या नावावरच्या काँडोत, म्हणजे खाजगी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, राहत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच नाही, कारण ते झालेलं नाही हे कुणाला माहीतच नव्हतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या यादीत त्यांचं नाव ‘श्री. व सौ. चित्रे’ असंच असायचं. हळदीकुंकवाला शुभाताईंना पहिलं बोलावणं जायचं. मला कळलं तेही फक्त कामामुळे.

‘लग्न एकदा केलं, ते मोडायला माझी चाळिशी उलटली,’ शुभाताई मला म्हणाल्या होत्या. ‘आता सहीशिक्क्याचं नातं नको बाई. पण हे घर मात्र मला सोडायला लागू नये.’

त्यांची एवढीच मागणी होती. घर शुभाताईंच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करावं तर त्या परदेशी नागरिक, स्टॅम्प ड्युटी अंगावर येत होती. म्हणून मिस्टर लिमनी मृत्युपत्र केलं. घर आणि जे काही असेल ते सगळं शुभाताईंना. दोन साक्षीदारांपैकी एक मी. मृत्युपत्रासोबत आमच्या ऑफिसचं छापील पत्र जायचं, त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असे की वैवाहिक स्थितीत बदल झाल्यास आमच्याशी संपर्क साधावा. ते पत्र पाकिटात मीच घातलं होतं. अशी शेकडो घातली असतील. घालताना वाचत कोण बसतं?

तीन वर्षं गेली. मग लंडनहून चीफचा एक जुना सहकारी आला आणि जेवता जेवता म्हणाला की तुम्ही लग्न केलेलं नाही हा वेडेपणा आहे. चीफचा लंडनच्या कडेला एक फ्लॅट होता, भाड्याने दिलेला. त्याची किंमत फार वाढली होती. तिकडे ठरावीक रकमेच्या वर वारसा कर लागतो, मोठा लागतो. बायकोला मात्र तो लागत नाही. नुसत्या सोबत राहणाऱ्या बाईला लागतो. सहकारी हे सांगून परत गेला, आणि चीफनी मला रविवारी चहाला बोलावलं.

‘मृणाल, तुझं काय मत?’ ते म्हणाले. ‘आमच्या वयात बोहल्यावर चढावं का, नुसतं टॅक्स वाचवायला?’

‘चढा,’ मी म्हणाले. ‘लंडनचा कायदा मला फारसा येत नाही, पण बायकोला सूट असते हे खरं आहे. शिवाय शुभाताईंची नोकरी संपत आली. बायको म्हणून तुमच्या जोरावर त्यांना राहायचा पासही मिळेल.’

‘आणि इथले कागद?’

मी सांगितलं की सीपीएफचं नॉमिनेशन, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचा वारस, लग्न झालं की रद्द होतो. तो फॉर्म लग्नानंतर पुन्हा भरायचा, विसरायचं नाही. ते त्यांनी कॅलेंडरवर लिहून घेतलं.

‘आणि विल?’

‘त्याला काही होत नाही. त्यात शुभाताईंचं नाव आहे ना? मग झालं.’

हे मी अंदाजाने बोलले नाही. खात्रीने बोलले. पुण्यातल्या अकरा वर्षांत मी पाठ केलेल्या गोष्टींपैकी ती एक होती. आपल्याकडे हिंदू माणसाचं मृत्युपत्र त्याने पुढे लग्न केलं म्हणून रद्द होत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. सिंगापुरात ते रद्द होतं. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र संपलं, मग त्यात त्याच बायकोचं नाव का असेना. मी अमुक व्यक्तीशी लग्न करणार आहे हे ध्यानात घेऊन हे लिहिलंय, असं एक वाक्य त्यात असतं तर मृत्युपत्र टिकलं असतं. ते वाक्य नव्हतं, कारण मृत्युपत्र लिहिलं तेव्हा लग्न करायचंच नव्हतं. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे आधीच लग्न झालेले असत, त्यामुळे हा प्रश्न कधी माझ्या टेबलावर आला नाही. सबबी मला अजून पुष्कळ सुचतात. त्यांतली एकही पुरत नाही.

लग्न बेडोकच्या घरीच झालं. सरकारी परवानगी असलेले एक गृहस्थ येऊन लावून गेले. मी सेरंगून रोडवरून मोगऱ्याचे हार आणले. शुभाताई हिरवी साडी नेसल्या होत्या आणि सारख्या हसत होत्या. मंडळातलं कुणी बोलावलं नव्हतं, कारण त्यांच्या हिशेबी हे लग्न केव्हाच झालेलं. चीफ म्हणाले, ‘टॅक्सवाल्यांना आहेर पाठवायला पाहिजे, त्यांच्यामुळे मुहूर्त लागला.’ लग्नाला दोन साक्षीदार लागतात. एक त्यांचे शेजारी होते. दुसरी मी.

त्यानंतर आठ महिन्यांनी चीफ बेडोक रिझर्व्हॉयरला सकाळची फेरी मारताना खाली बसले ते उठले नाहीत.

दिवस झाल्यावर मी मृत्युपत्र तिजोरीतून काढलं. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला समाधान वाटत होतं. इतक्या घरांत माणूस गेल्यावर कागदांचा गोंधळ बघितला होता, या एका घरात सगळं जागच्या जागी आहे, आणि ते मी करून घेतलंय, असं मनात होतं. मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा दाखला मी मिस्टर लिमसमोर ठेवले. त्यांनी मृत्युपत्राची तारीख बघितली. मग लग्नाच्या दाखल्याची बघितली. दोन्ही कागद शेजारी शेजारी सरकवले. दोन्हींवर माझी सही होती.

‘मृणाल,’ मृत्युपत्रावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘धिस वन नो मोर ऑलरेडी.’

मी म्हणाले, असं कसं, आमच्याकडे तर. आणि ‘आमच्याकडे’ हा शब्द तोंडातून निघाला तेव्हाच मला सगळं कळलं.

मृत्युपत्र नाही म्हटल्यावर कायद्याची वाटणी. बायकोला अर्धं, मुलाला अर्धं.

मी त्यांना चहाच्या दिवशीचं सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. ऑफिसात सांगितलंस की त्यांच्या घरी? घरी. फी घेतली? नाही. मग ऑफिसचा यात संबंध नाही, ते म्हणाले, आणि कुणाला काही लिहून द्यायचं नाही, बोलायचंही नाही. ते दुष्ट नव्हते. त्यांना ऑफिस सांभाळायचं होतं. मलाही माझी नोकरी सांभाळायची होती, हेही इथेच कबूल करते. मुलाची कॉलेजची दोन वर्षं राहिली होती.

शुभाताईंना मिस्टर लिमनी समजावून सांगितलं, त्यातलं कायद्याचं इंग्रजी मी मराठीत करून दिलं. माझ्याच चुकीचं भाषांतर मी कुठेही न अडखळता केलं. शुभाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘म्हणजे लग्न केलं नसतं तर?’

‘तर मृत्युपत्र चाललं असतं.’

‘पंधरा वर्षं मी त्यांची कोणी नव्हते, तेव्हा घर माझं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘बायको झाले आणि अर्धं गेलं. असंच ना?’

मी हो म्हणाले.

लंडनच्या वकिलाचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. त्या फ्लॅटवर मोठं कर्ज होतं, ते वजा केल्यावर उरलेली रक्कम कराच्या मर्यादेच्या आतच बसत होती. वारस कुणीही असता, लग्नाची बायको असो वा नसो, तरी कर लागला नसता. आलेल्या सहकाऱ्याने कर्ज विचारात घेतलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. चीफच्या डोक्यात कसं आलं नाही, कुणास ठाऊक. ज्या करासाठी ते लग्न झालं, तो कर नव्हताच. पत्र मी दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

राहिला अमेय. कायद्याने त्याचं जे आहे ते तो सोडू शकत होता. एका कागदावर सही केली असती तर घर राहिलं असतं. शुभाताई विचारणार नव्हत्या. मी त्यांना न सांगता, ऑफिसला न सांगता त्याला पुण्याला फोन केला. बापाची इच्छा काय होती, ते जुनं मृत्युपत्र काय म्हणत होतं, सगळं सांगितलं.

‘मॅडम, तुमच्या ऑफिसकडून आलेल्या कागदांत तो मी बघितला,’ तो म्हणाला. ‘त्यात माझं नाव कुठेच नाहीये. एकदाही नाही. घड्याळसुद्धा नाही ठेवलं माझ्यासाठी.’

मी म्हणाले, कोथरूडचा फ्लॅट त्यांनी तुम्हा दोघांनाच दिला होता.

‘आईला दिला. कोर्टाने सांगितलं म्हणून दिला. मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. कायदा स्वतःहून देतोय, बाबांनी दिलं नाही ते. मी का परत करू?’

मला त्याचा राग येईना. मृत्युपत्र टाइप करताना मुलाचं नाव नाही हे मी बघितलं होतं, आणि अशील सांगेल ते टाइप करायचं म्हणून टाइप केलं होतं. घड्याळ तरी ठेवा, असं सुचवायला माझं काय गेलं असतं?

अर्ध्या घराची किंमत शुभाताईंकडे नव्हती. लंडनचा फ्लॅट विकून कर्ज फिटल्यावर हातात फारसं काही उरलं नाही. या वयात बँक दारात उभी करेना. नवऱ्याच्या जोरावर मिळालेला पास मुदत संपेपर्यंतचा होता. शेवटी घर विक्रीला निघालं आणि चांगली किंमत आली. सगळे म्हणाले, नशीब, बाजार वर आहे.

विक्रीचे कागद सहीला न्यायचे होते. ते काम मी मागून घेतलं. बेडोकच्या घरात भिंतीवरचं काही उरलं नव्हतं, बालवाडीतल्या मुलांनी काढलेली चित्रं तेवढी एका खोक्यात वर दिसत होती. शुभाताईंनी बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसल्या. त्या बोरिवलीला बहिणीकडे जाणार होत्या. बहिणीच्या सुनेचा चेहरा कसा असेल ते आत्ताच दिसतंय, असं म्हणाल्या.

मी कागद काढले आणि तसेच मांडीवर ठेवले. मृत्युपत्र रद्द झाल्याचं कळून पाच महिने झाले होते. मी म्हणाले, ‘शुभाताई, एक सांगायचंय. चीफनी मला विचारलं होतं विलबद्दल. लग्नाच्या आधी, चहाच्या दिवशी. मी त्यांना सांगितलं होतं की काही करायची गरज नाही. हे माझ्यामुळे झालंय.’

त्यांनी खोक्याची सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवली. मग म्हणाल्या, ‘माहितीये. मी ऐकलं होतं. आत थालीपीठं लावत होते.’

मांडीवरचे कागद मी उगाच सारखे केले.

‘तू गेल्यावर मी त्यांना म्हटलंसुद्धा,’ त्या म्हणाल्या. ‘म्हटलं, एकदा ऑफिसात जाऊन त्या लिमना विचारून या. घरात बोललेलं वेगळं, ऑफिसातलं वेगळं. ते निघालेही होते सोमवारी. चपला घातल्या होत्या. मग परत आले आणि म्हणाले, नको, मृणालने सांगितलंय ना. तिच्याच साहेबाला जाऊन परत विचारलं, तर तिला काय वाटेल.’

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. शुभाताईंनी पर्समधून चष्मा काढून पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

‘सही कुठे करायची?’ त्यांनी विचारलं.

मी कागदावर बोट ठेवून जागा दाखवली.